नदीवर जाताना बॅनर घरी ठेवा

आठवीत असताना मी ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून ‘हा कोण शहाणा आम्हाला शिकवणारा’ असं वाटलं तर निदान तो शहाणा कुठून आलाय ते कळेल. मे महिना होता. पिंगुळीला आमच्या वाडीमागचा व्हाळ आटून त्याच्या नुसत्या कोंडी उरल्या होत्या. विहिरीत टाकायला आणलेली पावडर आम्ही चार पोरांनी घरातून उचलली, फडक्यात बांधली आणि एका कोंडीत फिरवली. थोड्याच वेळात मासे उलटे होऊन वर आले. खवळे, शेंगट्या, एक वाम आणि बोटाएवढ्या पिल्लांचा तर सडाच. मोठे तेवढे पिशवीत भरले, बाकीचं तिथंच सोडलं. अम्मीने पिशवी उघडली, वास घेतला आणि सगळं परसात पुरायला लावलं. मार पडला तो पावडर चोरल्याचा. माशांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्याबद्दल बोलणारा माणूस मला बऱ्याच वर्षांनी भेटला. कुडाळला भंगसाळच्या काठी एक निवृत्त शिक्षक गुडघाभर पाण्यात उभे राहून चाबूक फिरवावा तशी काठी फिरवत होते. आपल्याकडे गरवायला बसणारा माणूस शांत असतो. गरीला गांडूळ लावायचं, टाकायचं, विडी ओढायची. हे गृहस्थ सारखे हात हलवत होते. विचारलं तर त्यांनी डबी उघडून दाखवली. आत पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेल्या नकली माश्या. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. ही माशी इतकी हलकी की ती फेकली जात नाही, म्हणून दोरी वजनदार असते आणि दोरीच माशीला पाण्यावर घेऊन जाते. गरीचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकलेला असतो, म्हणजे मासा फार जखमी न होता सुटतो. कारण पकडलेला मासा ते सोडून देतात. मला हसू आलं. इतका खटाटोप करून रात्री घरी वरणभात?

आज मी त्यांच्या गटात आहे. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि एक वही. दहा-बारा जण. त्यातले निम्मे हौशी गळवाले, बाकीचे माझ्यासारखे, ज्यांना अजूनही ती काठी नीट फिरवता येत नाही. आम्ही पाण्यात अडकलेली नायलॉनची जाळी काढतो. मे महिन्यात कोंडींवर फेऱ्या मारतो. पहिल्या पावसात वाड्यांवर जाऊन बोलतो. आणि वही लिहितो.

मे आणि जून हेच दोन महिने का, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात व्हाळ तुटतो आणि उरलेले सगळे मासे कोंडींत गोळा होतात. पुढच्या वर्षाचं बियाणं म्हणजे हेच. मग मृगाचा पाऊस पडला की पोटात अंडी घेतलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, शेतांत आणि लहान ओहोळांत शिरतात. हे आपले चढणीचे मासे. मेमध्ये पावडर टाकली की बियाणं गेलं आणि जूनमध्ये व्हाळ आडवा बांधून चढण अडवली की पेरणीही गेली. आपल्या आज्यापणज्यांनीही गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकली आहेत, कुणी रामेठ्याची साल वापरली आहे. पण ते कष्टाचं काम होतं, एखाद्या कोंडीपुरतं. पावडरीची पुडी दुकानात मिळते आणि ती खेकडे, कोळंबी, बेडकांची अंडी असा काही भेद करत नाही. वर त्याच पाण्यावर खालच्या वाडीची गुरं जातात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते हे मालवणात लहान पोरही सांगेल. विष आणि सुरुंग वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, हे व्हाळावर कुणाला माहीत नसतं. माहीत असलं तरी बघायला येतंय कोण?

आता आपल्या मित्रांचे आक्षेप. पहिला नेहमीचा, हे पैसेवाल्यांचं खूळ आहे. खरं आहे. एका चांगल्या काठीच्या पैशांत आमच्याकडे कुणाचा तरी महिना निघेल. आणि पकडून सोडण्याबद्दल माझं स्वतःचं मन अजून साफ नाही. खाण्यासाठी मासा मारणं मला समजतं. नुसत्या मजेखातर जिवाला गरी लावायची, फोटो काढायचा आणि सोडायचं, हे दीनच्या नजरेतून मला खटकतं आणि मी ते गटात बोलूनही दाखवलं आहे. सरांचं उत्तर असं की, जो दर आठवड्याला पाण्यात उतरतो त्यालाच पाणी बिघडल्याचं आधी कळतं. मला हे अर्धं पटलं. म्हणून मी काठी नाही, वही धरतो.

वहीची गंमत मला कावेरीच्या गोष्टीतून कळली. तिथे वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही गळवाल्यांची संस्था १९७२ पासून आहे आणि नदीकाठी गालीबोरेसारखे कॅम्प होते, जिथे महाशीर पकडून सोडायचे. पकडलेल्या माशांची नोंद ठेवायची शिस्त होती. गालीबोरेच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी उलगडल्या, तेव्हा विचित्र गोष्ट दिसली. महाशीर मिळण्याचं प्रमाण वाढत होतं, म्हणजे वरवर पाहता नदी सुखी. पण जाती वेगळ्या केल्या तर कावेरीचा स्वतःचा उंच पाठीचा महाशीर, जो ५० किलोंच्याही पुढे जायचा, जवळजवळ संपला होता. वाढला होता निळसर परांचा महाशीर. हा कावेरीचा नव्हेच. तो मूळचा आपल्याकडचा, साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास सुरू झाली आणि तिथली पिल्लं ‘संवर्धन’ म्हणून देशातल्या अनेक नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. हेतू नेकच होता. उंच पाठीच्या माशाला शास्त्रीय नाव पक्कं झालं ते २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव मिळायला आणि संपायला एकच वेळ.

म्हणून आमच्या वहीत ‘मासे दिसले’ असं लिहून चालत नाही. तारीख, कोंड, पाण्याची पातळी, माशाची जात, लांबी. जात ओळखता आली नाही तर फोटो आणि प्रश्नचिन्ह. आणि कुणी पुढारी मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम ठेवणार असेल, तर कुठलं बीज आणि कुठून आणलं, हे विचारायचं. हार घालून बादली उपडी करणं सोपं असतं.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे. नोकऱ्या नाहीत, मुलींची शिक्षणं मध्येच सुटतात, रोज मोबाइलवर आपल्याबद्दल काय काय फिरतं, आणि तू मासे मोजतोस? मी यावर भांडत नाही. फक्त एक आठवण करून देतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा कोकणभरातून आपली पोरं धावली. बिर्याणीच्या देगा, ब्लँकेटं, चिखल काढायला फावडी. फार चांगलं काम झालं. पुढे वाशिष्ठीचा गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले, नदीतला गाळ मोजू लागले. पूर आल्यावर आपण हजर असतो. नदीत गाळ साचताना, काठ खचताना, बेट वाढताना जी माणसं कंटाळवाण्या बैठकांना बसतात, त्यांत आपण किती असतो? मोहल्ले तर आपलेही काठावरच आहेत. बाजारपेठ आणि बंदर नदीकाठी होतं म्हणूनच आपण तिथे वसलो.

वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी जपून वापरा, ही हदीस आपण दर वर्षी पाणी दिनाला स्टेटसवर ठेवतो. त्या नदीत पाणी असावं लागतं, हा पुढचा भाग स्टेटसवर मावत नाही.

कोकणात मासे जिथे टिकले त्या जागा बघा. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, तिथले महाशीर वरदायिनी देवीचे म्हणून कुणी हात लावत नाही. आपल्या आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळापाशी २०२० मध्ये एक नवाच मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. हे फक्त देवळांचंच नाही. चितगावला बायझीद बोस्तामींच्या दर्ग्याच्या तळ्यात काळ्या कासवांची एक जात शेकडो वर्षं सांभाळली गेली. २००२ मध्ये ती निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं तेव्हाही त्या तळ्यात जायरीनांच्या हातून पाव आणि केळी खात ती जिवंत होती. देव असो की पीर, त्या पाण्यावर ‘इथे नको’ म्हणणारं कुणीतरी उभं होतं. आमच्या पिंगुळीला बाहेरून लोक येतात ते ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघायला, आणि यावंच. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती आयुष्यभर ती परंपरा धरून ठेवल्याबद्दल. वाडीमागच्या व्हाळाला ना देऊळ, ना दर्गा, ना पद्मश्री. तिथे ‘नको’ कोण म्हणणार?

म्हणायला गेलो की काय होतं तेही सांगतो. गेल्या वर्षी पहिल्या पावसाच्या रात्री आम्ही तिघे दुसऱ्या एका वाडीवर गेलो. बॅटऱ्या घेऊन माणसं व्हाळात उतरली होती, एकाने जाळं आरपार लावलं होतं. आम्ही मासे धरू नका म्हणत नाही, ते म्हणणं मूर्खपणाचं आहे, चढणीचे मासे हा कोकणातल्या घराघरातला सण आहे. एका बाजूने हातभर वाट सोडा आणि उन्हाळ्यात पावडर नको, एवढंच. त्या माणसाने माझ्याकडे बॅटरी मारली. “नाव काय रे तुझा?” मी सांगितलं. तो थांबला. हा थांबा तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मग म्हणाला, “आनि तू आमका शिकवतलंस?”

सर पुढे होतील असं मला वाटलं. ते गप्प राहिले. माझ्या डोक्यात दोन-तीन उत्तरं आली, सगळी भांडणाची. तोंडातून निघालं ते वेगळंच. “मीय टाकलंय पावडर. आठवीत आसताना. त्या कोंडीत मगे चार वर्सा मासो दिसलो नाय.”

“कितके गावले?”

“पिशवीभर. आयेन पुरूक लावले.”

तो हसला. बाकीचेही हसले. जाळ्याची एक बाजू त्याने दगडावरून सोडवली आणि वाट ठेवली. आम्ही वळल्यावर परत बांधली असेल तर मला माहीत नाही. आमची दोस्ती वगैरे झाली नाही. पण यंदा त्याच वाडीतून सरांना फोन आला की वरच्या कोंडीला वास येतोय, बघून जा.

याच घटनेवरून आमच्या जमातीतल्या एका मोठ्या भाईंशी माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, तुम्ही पोरं एवढं करता तर आपल्या नावाने करा, बॅनर लावा, फोटो टाका. लोकांना दिसू दे की मुसलमान नदीसाठी काम करतात. त्यांच्या बोलण्यामागचं दुखणं मला कळतं. चांगलं केलेलं दिसत नाही आणि एकाने केलेलं वाईट सगळ्यांच्या खात्यात पडतं. मदतकार्यात बॅनरला माझा विरोध नाही. पण व्हाळावर बॅनर घेऊन गेलो की मी पाहुणा होतो, चांगलं वागून दाखवायला आलेला पाहुणा. पाहुण्याला पाणी कुणाचं यात बोलता येत नाही. त्या रात्री मला बोलता आलं ते मी याच पाण्यात घाण केली होती म्हणून. तो व्हाळ बिघडवण्याचा जेवढा माझा हक्क होता, तेवढाच सांभाळण्याचाही आहे. त्यासाठी कुणाचं प्रमाणपत्र मला नको आणि कुणाला दाखवायलाही नको. भाईंना हे पटलेलं नाही. पण जुम्म्याच्या नमाजनंतर पावडरीबद्दल दोन शब्द बोलायला त्यांनी इमामसाहेबांना सांगितलं, आणि इमामसाहेब बोलले. त्या दिवशी मशिदीत मागच्या ओळीत माझ्याबरोबर आठवीत पावडर टाकणारे दोघे बसले होते. दोघेही खाली बघत होते, आणि मी त्यांच्याकडे.

त्यातला एक आता रविवारी येतो. काठी त्याला माझ्यापेक्षा बरी फिरवता येते, याचा मला थोडा राग आहे.

ज्यांना यायचं असेल त्यांनी गळ, काठी काही आणू नये. सकाळी सातला भंगसाळच्या पुलाखाली. पाय भिजतील, दगडांवर शेवाळ आहे, गुळगुळीत तळव्याच्या चपला घालू नका. मोडी-तोडी का होईना, माशांची मालवणी नावं येत असतील तर उत्तम. वहीत दोन मासे अजून प्रश्नचिन्हावर आहेत.