खाऱ्या पाण्यातले स्वस्त रीळ : किती टिकते, किती परवडते?



भातकापणी आटोपली की खाडीकाठच्या गावांतली तरुण मुले गरी घेऊन बांधावर, जेटीवर, कातळावर जाऊन बसतात. पूर्वी हातदोरी असे, फार तर बांबूची काठी असे. आता मुंबईचा चाकरमानी गणपतीला येताना रॉड आणि रीळ घेऊन येतो. ते पाहिले की घरच्या मुलालाही तसेच हवे असते. मुलगा म्हणतो, "नऊशे रुपयांत मिळते, बाबा." वडील विचारतात, "आणि गेल्या वर्षीचे कुठे गेले?" गेल्या वर्षीचे माळ्यावर गंजून पडलेले असते. मुलगा त्याला चैन म्हणू देत नाही आणि वडील खिशात हात घालत नाहीत.

या सदरात आपण नांगर, फवारणी पंप, पाण्याची मोटार यांविषयी बोलतो. रीळ हेही एक औजारच आहे. औजाराला जो नियम, तोच त्यालाही लागू. तेव्हा आज त्याचा नीट हिशेब मांडू.

रीळ म्हणजे काय?

ज्याला दुकानात स्पिनिंग रीळ म्हणतात, त्यात दोऱ्याची फिरकी जागच्या जागी स्थिर असते. फेकताना दोरा फिरकीच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटत जातो. गुंडाळताना एक तारेची कमान फिरकीभोवती फिरून दोरा परत भरते. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड येथील लोकरीच्या धंद्यातले आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी अशा रिळाचे पेटंट १९०५ साली घेतले. गिरणीतल्या कांडीवरून सूत जसे टोकाकडून सुटते, तीच ही युक्ती.

आत मोठे दातेरी चाक, त्याला जोडलेले छोटे चाक, काही बेअरिंगे आणि मूठ उलटी फिरू न देणारी एक कळ असते. सायकलच्या फ्रीव्हीलसारखीच ही कळ समजा. फिरकीच्या डोक्यावर ड्रॅग असतो. मासा जोराने ओढू लागला की ड्रॅग दोरा थोडाथोडा सोडतो, म्हणून दोरा तुटत नाही.

रीळ माशाने मरत नाही, मिठाने मरते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. ओला दोरा गुंडाळला जातो तेव्हा हे पाणी रिळात जाते. घरी येईपर्यंत पाणी वाळते, मीठ मात्र आतच राहते.

भगिनींना वेगळे सांगायला नको, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. रिळातले मीठही तेच करते. म्हणजे कोकणच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेले, वरून कोरडे दिसणारे रीळ आतून चार महिने ओलेच असते. मुलगा म्हणतो, "मी तर वापरलेच नाही, तरी गंजले." त्याचे कारण हे.

दुसरी गोष्ट धातूंची. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले की सूक्ष्म वीज वाहू लागते व ॲल्युमिनियम झिजते. टॉर्चच्या सेलमध्ये जस्ताचे भांडे खाल्ले जाते, तसाच हा प्रकार. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली की हे सुरू झाले असे समजावे. स्टेनलेस पोलाद गंजतच नाही, हाही गैरसमज आहे. मिठामुळे त्यालाही बारीक खड्डे पडतात.

स्वस्तात काय कमी केलेले असते?

कारखानदार किंमत उतरवतो ती कुठेतरी काटकसर करूनच. बहुधा दातेरी चाके मऊ धातूची असतात. अंग प्लॅस्टिकचे असते व ते ओढ बसली की लवते. मग दाते एकमेकांवर तिरके बसतात आणि झिजतात. ड्रॅगमध्ये कार्बनच्या चकत्यांऐवजी साध्या नमद्याच्या चकत्या असतात. पाणी अडवणारी रबरी कडी नसतातच.

दोन आकड्यांना मात्र भुलू नये. पहिला बेअरिंगांचा. खोक्यावर "१२ बेअरिंग" लिहिले म्हणून रीळ चांगले ठरत नाही. हलकी बारा बेअरिंगे म्हणजे गंजायला बारा जागा. चांगली चार-पाच पुरतात. दुसरा आकडा ड्रॅगचा. खोक्यावर "१५ किलो" छापलेले असते. पण ड्रॅग लावायचा असतो दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका. दहा किलोचा दोरा असेल तर अडीच ते सव्वातीन किलो. घरातल्या स्प्रिंगच्या काट्याला दोऱ्याचे टोक अडकवून ओढा, लगेच कळेल. तेवढ्यावर दोरा धक्के न देता, एकसारखा सुटला पाहिजे. पंधरा किलोचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

आता हिशेब

पुढचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या बाजारातले भाव घालून आपण स्वतः हिशेब करावा. समजा, मुलगा ऑक्टोबर ते मे आठवड्यातून एक-दोनदा गरवायला जातो.

१. ९०० रुपयांचे रीळ, न धुता वापरले, एका हंगामात गेले. खर्च हंगामाला ९०० रुपये.

२. तेच रीळ, दर वेळी धुऊन वापरले, दोन हंगाम चालले. खर्च हंगामाला ४५० रुपये.

३. ३,००० रुपयांचे रीळ, न धुता वापरले, दोन हंगामांत जाम झाले. खर्च हंगामाला १,५०० रुपये.

४. तेच रीळ, धुऊन व तेल-ग्रीस करून, सहा हंगाम चालले. खर्च हंगामाला ५०० रुपये.

यातून काय दिसते? सर्वांत मोठा तोटा महाग रीळ न धुणाऱ्याचा आहे. आणि धुणाऱ्याला स्वस्त व महाग यांत हंगामाला फक्त पन्नास रुपयांचा फरक पडतो. म्हणजे किंमत नंतर, सवय आधी. ज्या मुलाला रीळ धुण्याची सवय नाही, त्याला महाग रीळ देऊ नये. ज्याने स्वस्त रीळ दोन हंगाम टिकवून दाखवले, त्याने पुढचे चांगले मागितले तर वडिलांनी नाही म्हणू नये. त्याने ते कमावले आहे.

मग पन्नास रुपये जास्त का मोजायचे? कारण मोठा जिताडा किंवा तांबोशी गरीला लागते ती वर्षातून एखाद-दोन वेळा, आणि हलक्या रिळाचा ड्रॅग नेमका तेव्हा अडकतो. ज्या घरात ही मासळी कालवणाला किंवा विक्रीला नेमाने येते, त्यांना मजबूत रीळ परवडते. जो सणासुदीला वर्षातून पाच-सहा वेळा जातो, त्याला स्वस्त रीळच पुरे. धरणावर, गोड्या पाण्यात वापरणाऱ्यालाही तेच पुरे.

घेताना काय पाहावे?

बैल घेताना आपण दात मोजतो, चाल पाहतो. रीळही तसेच पारखावे.

• मूठ हळूहळू फिरवा. खरखर लागली किंवा मध्येच जड झाली तर घेऊ नका.

• मूठ धरून मागेपुढे हलवा. खडखड जास्त असेल तर आत सैलपणा आहे.

• फिरकी काढून पाहा. दोऱ्याचा ताण जिथे वळतो ती कमानीजवळची छोटी चकली बोटाने फिरली पाहिजे. ती अडकली तर दोरा कापला जातो.

• अंग स्क्रूने उघडता येते का ते पाहा. जे उघडता येत नाही, ते दुरुस्तही करता येत नाही.

• दुकानदाराला विचारा, "याची कमानीची स्प्रिंग आणि मूठ सुटी मिळते का?" मिळत असेल तर शंभर-दोनशे रुपये जास्त देण्यास हरकत नाही. सुटे भाग मिळणारे औजार अर्ध्या किमतीचेच समजावे.

• रिळावरील १०००, ४०००, ६००० हे आकडे आकारमानाचे असतात, ताकदीचे नव्हेत. खाडीत ४००० ते ५००० पुरते. उघड्या समुद्रावर कातळावरून टाकायला ६००० घ्यावे.

धुण्याची रीत

बोर्डो मिश्रण फवारल्यावर पंप तसाच ठेवला तर दुसऱ्या वेळी तो चालत नाही, हे सुपारीबागायतदार जाणतात. रिळाचेही तसेच. काम पाच मिनिटांचे आहे.

१. धुण्यापूर्वी ड्रॅगची चावी घट्ट करा, म्हणजे चकत्यांत पाणी जाणार नाही.

२. झारीने गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करा. बादलीत बुडवू नका. नळीची जोराची धार तर मुळीच नको, तिने मीठ आणखी आत जाते. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर नळाचे किंवा साठवलेले पावसाचे घ्या.

३. फडक्याने पुसून ड्रॅग सैल करा आणि रीळ सावलीत वाळवा. ड्रॅग घट्टच राहिला तर चकत्या दबून निकामी होतात.

४. चकलीला आणि मुठीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. खोबरेल लावू नका. ते थंडीत थिजते व पुढे चिकट होते. ड्रॅगच्या नमद्याला तेल लागू देऊ नका.

५. पावसाळ्यापूर्वी एकदा उघडा. प्रत्येक भाग काढला की मोबाईलवर फोटो घ्या, म्हणजे जोडताना चूक होत नाही. जुने ग्रीस पुसून दातेरी चाकांना पाण्याला टिकणारे नवे ग्रीस पातळसर लावा. उलटी फिरू न देणाऱ्या कळीत ग्रीस भरू नका, नाहीतर मूठ उलटी घसरते.

६. पावसाळ्यात रीळ कोरड्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आणि खताच्या पोत्यांजवळ तर नकोच.

वापरताना दोन गोष्टी

गरी कातळात अडकली की मूठ जोराने फिरवू नका. रहाटाने पोहरा ओढावा तसे रीळ ओढले तर दाते जातात. रॉड सरळ दोऱ्याच्या रेषेत धरा, दोरा फडक्यासह काठीला गुंडाळा आणि मागे चालत ओढा. आणि गरी सोडवायला भरतीच्या वेळी शेवाळलेल्या कातळावर उतरू नका. गरी दहा-वीस रुपयांची असते.

खार जमिनीत भात घेणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की मिठाला दुसरे औषध नाही, गोड्या पाण्याने धुऊन ते बाहेर काढावे लागते. जमिनीला पावसाळा लागतो, रिळाला एक झारी पुरते. या हंगामात मुलाला नवे रीळ घेऊन देण्याआधी माळ्यावरचे जुने खाली काढा. बापलेकांनी मिळून ते एकदा उघडून पाहा. दाते शाबूत असतील तर धुऊन, नवे ग्रीस लावून तेच पुन्हा फिरू लागेल आणि नऊशे रुपये भाताच्या बियाण्याला उपयोगी पडतील. दाते गेले असतील तर मीठ काय करते हे मुलाच्या डोळ्यांना दिसेल, आणि पुढचे रीळ तो न सांगता धुईल.