ट्राम कुणाच्या वाटेत होती?

माझे मामा लष्करात आहेत. बेळगावात यात मुद्दाम सांगण्यासारखे काही नाही. इथे चार घरे सोडली की पाचव्या घरातले कोणीतरी मराठा लाइट इन्फंट्रीत असतेच. २०१९ साली मामांची नेमणूक कलकत्त्याला फोर्ट विल्यममध्ये होती आणि आठवीची परीक्षा देऊन मी आईबरोबर महिनाभर त्यांच्याकडे राहिले होते. (त्या किल्ल्याला आता विजय दुर्ग म्हणतात, आणि ते नाव आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून घेतलेले आहे. मामांना याचे कोण कौतुक!)

कलकत्त्यात काय पाहिलेस म्हणून विचारणाऱ्या मैत्रिणींना हावड्याचा पूल आणि व्हिक्टोरिया मेमोरियल ऐकायचे असते. माझ्या मनात मात्र पहिली येते ती ३६ नंबरची ट्राम, एस्प्लनेड ते खिदिरपूर. मी टॅक्सीचा हट्ट धरला होता. "अगं, टॅक्सी काय बेळगावातही मिळते. ही मिळणार आहे का? चढ की!" म्हणून मामांनी मला जवळजवळ उचलूनच आत घातले.

दोन डब्यांची गाडी, लाकडी बाके, पायाने घंटा वाजवणारा चालक. एस्प्लनेडची गर्दी मागे टाकून ट्राम वळली आणि एकदम मैदानात शिरली. रूळ रस्त्यात नव्हतेच, गवतात होते! एका अंगाला झाडे, दुसऱ्या अंगाला क्रिकेट खेळणारी मुले, मधूनच चरणाऱ्या शेळ्या. किल्ल्याच्या बाजूने, रेसकोर्सच्या जवळून ती हेस्टिंग्जला आली आणि तिथून पुढे खिदिरपूरच्या दाटीत शिरली. ट्रक, हातगाड्या, माणसे. इथे मात्र तिची चाल मंदावली. आमच्या डब्यात सहलीला निघालेले असे आम्ही दोघेच. बाकी सगळी कामाची माणसे. एका बाईंच्या पायाशी भाजीची पाटी होती. गोदीकडे निघालेले एक गृहस्थ बसल्या जागी झोपले होते आणि उतरायच्या ठिकाणी बरोबर जागे झाले.

या मार्गाला इतिहास आहे. १८७३ च्या २४ फेब्रुवारीला कलकत्त्यात सियालदा ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग जेमतेम अडीच मैलांचा. पण उतारू मिळेनात, म्हणून त्याच नोव्हेंबरात ती बंदही पडली. १८८० मध्ये लंडनला नोंदलेली कलकत्ता ट्रामवेज कंपनी आली. तिने पुन्हा घोडे जुंपले, मग वाफेची इंजिनेही लावून पाहिली, आणि २७ मार्च १९०२ रोजी तिची पहिली विजेची ट्राम धावली ती याच एस्प्लनेड–खिदिरपूर मार्गावर. आशियातली पहिली विजेची ट्राम म्हणून तिचे गोडवे गायले जातात, ते काही खरे नव्हे. क्योटो आणि मद्रास ही दोन्ही शहरे १८९५ मध्येच पुढे गेली होती. पण मद्रासची ट्राम १९५३ मध्ये संपली, कानपूरची तर त्याच्याही पुष्कळ आधी. मुंबईची १९६४ मध्ये गेली. कलकत्त्याची तेवढी उरली.

ती कोणाची होती हे समजून घ्यायचे असेल तर १९५३ कडे पाहावे. कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. फक्त एक पैसा! पण सारे शहर रस्त्यावर आले, ट्रामगाड्या जळल्या, आणि शेवटी ती वाढ मागे घ्यावी लागली. ज्यांना एक पैसा जड होतो अशा माणसांचे ते वाहन होते. पुढे १९६७ मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि १९७६ मध्ये मालकीही.

२० मे २०२० रोजी अंफान वादळ आले. झाडे पडली, विजेच्या तारा तुटल्या, खिदिरपूरची ट्राम थांबली. वादळाला दोष देता येत नाही. पण तारा पुन्हा ओढल्या गेल्या नाहीत, हा दोष काही वादळाचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एन.सी.सी.च्या शिबिरासाठी मी पुन्हा कलकत्त्याला गेले, तेव्हा मोकळा अर्धा दिवस काढून मैदानात जाऊन आले. रूळ गवतात बुजत चालले होते आणि पलीकडे भुयारी मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे होते. ती मेट्रोही खिदिरपूरहून व्हिक्टोरिया, पार्क स्ट्रीट करीत एस्प्लनेडलाच येणार आहे. म्हणजे या वाटेने लोकांना जायचे आहे, हे सरकारलाही ठाऊक आहे!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केले होते की ट्राम बंद करणार. मैदान ते एस्प्लनेड एवढा तुकडा वारसा म्हणून ठेवणार. कारण दिले ते वाहतूक तुंबण्याचे. कलकत्त्यात जमिनीपैकी जेमतेम सहा टक्के रस्ते आहेत, त्यात ट्राम कुठे बसवायची?

या युक्तिवादात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. उत्तर कलकत्त्याच्या अरुंद रस्त्यांवर ट्राममधून उतरायचे म्हणजे भर रहदारीत उतरावे लागते. पावसात रुळांवरून मोटारसायकली घसरतात. एक ट्राम नादुरुस्त झाली की मागच्या सगळ्या खोळंबतात, कारण तिला बाजूने काढता येत नाही. पण मैदानात? तिथे गवतातल्या रुळांवरून जाणारी ट्राम कोणत्या मोटारीच्या आड येत होती? जो मार्ग बहुतांशी कोणाच्याच वाटेत नव्हता तोच आधी सोडून दिला, यावरून तुंबलेली वाहतूक हे खरे कारण नसावे असे मला वाटते. खरे कारण हे की, त्या ट्राममधून जाणाऱ्यांचा वेळ कोणी मोजत नव्हते.

आणि रस्ते खरोखरच सहा टक्के असतील तर? घरात दूध कमी असले की ते आधी पोराच्या वाटीत पडते, पाहुण्याच्या चहात नंतर. एका डब्यात पन्नास-साठ माणसे नेणाऱ्या गाडीला जागा नाही म्हणायचे, आणि एकेका माणसाला घेऊन निघालेल्या मोटारींना ती आहे असे धरून चालायचे, हा कुठला हिशोब?

मुंबईनेही हाच हिशोब केला होता. १८७४ मध्ये घोड्यांनी सुरू झालेली आणि १९०७ मध्ये विजेवर आलेली तिथली ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गेली. रूळ गेले, वाहतूक काही मोकळी झाली नाही. आता तिथे जमिनीखाली आणि डोक्यावर मेट्रो बांधणे चालले आहे. 'दादर टी.टी.' मधला एक टी ट्रामचा आहे, हे तिथे उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

एवढे लांब कशाला जायचे! आपल्या शेजारी हुबळी–धारवाड रस्त्यावर २०१८ पासून 'चिगरी' बस धावते. (चिगरी म्हणजे हरीण, हे कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नकोच.) सुमारे बावीस किलोमीटरच्या या मार्गावर मधला पट्टा केवळ बससाठी राखलेला आहे. माझे काका धारवाडला असतात. त्यांच्या मोटारीतून जाताना प्रत्येक वेळी एकच तक्रार ऐकायला मिळते. "बघ, मधला रस्ता रिकामा पडलाय, आणि आम्ही इथे अडकलोय." एकदा धीर करून मी म्हणाले, "काका, तिथे काही अडकून पडत नाही, म्हणून तो रिकामा दिसतो." काका गप्प बसले; पटले की राग आला, कोण जाणे. चिगरीतही उणिवा आहेत. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत पोहोचायला आजी-आजोबांचे हाल होतात. पण आत बसलेल्या विद्यार्थ्यांना तासाचे वेळापत्रक सांभाळता येते, ते त्या राखीव पट्ट्यामुळेच. तो पट्टा सर्वांना खुला करा असे म्हणणारे काकांसारखे पुष्कळ आहेत.

मैदानातला जो तुकडा राखायचा म्हणतात तो त्या १९०२ च्या मार्गाचाच आहे. त्यावरून पाहुणे फेरी मारतील, फोटो काढतील आणि चढले तिथेच परत उतरतील. भाजीच्या पाटीवाल्या बाईंना त्या फेरीचा काही उपयोग नाही. त्यांना खिदिरपूरला जायचे असते. तारा ओढून ती गाडी पुन्हा तिथवर नेली, तर मी पाहुणी म्हणूनसुद्धा दुसऱ्या वर्गात उभी राहून जायला तयार आहे.