फोटोतला मोठा जिताडा ही बहुतेक वेळा मादी असते

पाऊस लागला की आमच्या रायगडच्या खाड्यांवर रॉड घेतलेली पोरं दिसायला लागतात. रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, कुठेही जा. जिवंत कोळंबीचं आमिष मागे पडलं, आता रबरी मासे आणि पॉपर आलेत. भरतीचं पाणी खाजणावर गुडघाभर चढतं, बोय आणि कोळंबीच्या मागे जिताडा उथळात येतो, आणि तिवरांच्या कडेने ओढलेला नकली मासा खरा समजून गिळतो.

छंदाला माझा विरोध नाही. उलट जाळ्यापेक्षा हे बरं. एका वेळी एक मासा, तोही जिवंत हातात येतो. ठेवायचा की सोडायचा, हे तुम्ही ठरवू शकता.

प्रश्न फोटोंचा आहे. दहा-बारा किलोचा जिताडा खांद्यावर, आणि खाली 'भाऊ एक नंबर'ची रांग!

मंडळी, जिताडा आधी नर म्हणून वयात येतो. काही वर्षांनी, साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटरच्या टप्प्यात, तोच मासा मादी होतो. म्हणजे खांद्यावरचं ते धूड बहुधा लाखोंनी अंडी देणारी मादी असते. आणि अंडी सोडायला ती खाडीच्या तोंडाशी येते ती याच पावसाळ्यात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण ती यांत्रिक नौकांना. काठावरच्या रॉडला कोण विचारतो? २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, म्हणजे पिल्लं वाचावीत. चांगलंच केलं. पण मोठ्या मादीचं काय? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हाच मासा बारामुंडी म्हणून गरवतात. तिथे समुद्रात-खाडीत ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान तर सोडावा लागतोच, १२० पेक्षा मोठाही सोडावा लागतो. आपल्याकडे असा नियम व्हायला हवा, आणि होईपर्यंत रॉडवाल्यांनी तो स्वतःच पाळावा. मीटरभराच्या वरचा जिताडा परत पाण्यात.

ज्या कोळ्याचं घर त्या माशावर चालतं, त्याला हे ऐकवायला मी जाणार नाही. जिताड्याची किंमत रायगडात कुणाला सांगायला नको (साहेबांकडे जिताडा पोचला की फाईल हलते, हा आमचा जुना विनोद). पण हजार रुपयांचा जपानी लूर बांधून शनिवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्याची चूल काही त्या माशावाचून अडत नाही.

सोडायचा तर नीट सोडा. तिहेरी गळ काढून एकेरी लावा, त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. जबड्याला धरून उभा लटकवू नका, पोटाखाली ओला हात द्या. फोटो पाण्यातच काढा.

अलिबाग, रोहा, श्रीवर्धनकडचे बरेच गरवणारे माझ्या यादीत आहेत, माहीत आहे मला. या पावसात मीटरभराचा जिताडा सोडलात तर तो फोटो मला पाठवा. पेपरात चांगली जागा मिळावी म्हणून संपादकांशी भांडायचं काम माझं.