अर्धा डबा आहे, चालेल!

आपल्या हॉस्टेलचं ब्रीदवाक्य कोणतं असावं यावर मतदान घेतलं, तर 'चालेल' हा शब्द बिनविरोध निवडून येईल. दुपारची भाजी रात्री? चालेल. सिनियरचं जर्नल, फक्त नाव बदलून? चालेल. मी स्वतः याच पंथातला. पण गेल्या पावसाळ्यात वर्कशॉपमधल्या एका अर्ध्या डब्याने मला हा शब्द गिळायला लावला. ती हकीगत आणि त्यावरचं माझं मत, दोन्ही इथे मांडतो. स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर उत्तमच, कारण थोडी तक्रार तुमच्याबद्दलही आहे!

आमच्या टीमच्या फॉर्म्युला कारचा नोज कोन फायबरचा असतो. साचा तयार असतो. त्यावर जेलकोट, मग मॅट आणि रेझिनचे थर, आणि सुकल्यावर जॉब साच्यातून सोडवायचा. रेझिन हे मुळात चिकटणारं प्रकरण. ते साच्याला धरून बसू नये म्हणून आधी रिलीज एजंट मारावा लागतो. मोदकाच्या साच्याला आई तुपाचं बोट लावते ना, अगदी तेच काम.

स्टोअरमध्ये शोधलं तर सिनियर्सनी आणलेला रिलीज एजंटचा अर्धा डबा सापडला. झाकण तिरकं बसलेलं, तारीख पुसून गेलेली, तळाशी थोडा पांढरा गाळ. मी विचारलं, "अरे, हे वापरायचं का?" उत्तर ठरलेलं होतं. डबा हलवला, कापडाने साच्यावर कोट मारले, मध्ये सांगितलेला वेळ सोडला. त्याच साच्यातून आधीचे दोन जॉब फुलासारखे सुटले होते, त्यामुळे काळजी नव्हती.

दुसऱ्या दिवशी जॉब सुटेना. प्लास्टिकच्या पाचरी झाल्या, कडेने हवा मारून झाली, शेवटी रबरी हातोडा आला. सुटला तेव्हा साच्याच्या जेलकोटचे तळहाताएवढे टवके बरोबर घेऊन सुटला. जॉबही गेला आणि साचाही. चार रात्रींची मेहनत, स्पर्धा तोंडावर, आणि टीममध्ये दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

नंतर सरांनी एक साधी गोष्ट करायला लावली, जी आम्ही आधीच करायला हवी होती. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर अर्ध्या भागात जुना डबा, अर्ध्या भागात नवा आणलेला. सुकल्यावर दोन्हीकडे मास्किंग टेप दाबून ओढली. नव्या भागावरून टेप जवळजवळ आपोआप आली, जुन्या भागावर घट्ट बसली. दहा पैसे खर्च नाही. ही टेस्ट आदल्या दिवशी केली असती तर साचा वाचला असता.

आता असं का झालं ते बघू. आमची समजूत अशी होती की रिलीज एजंट म्हणजे तेलातुपासारखं काहीतरी, जुनं झालं तरी बुळबुळीत राहणारच. तूप खवट झालं तरी मोदक सुटतो! पण आमच्या डब्यातला माल सेमी-परमनंट जातीचा होता. त्यात सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं एक रेझिन असतं. साच्यावर पुसलं की सॉल्व्हंट उडतो आणि उरलेलं रेझिन हवेतल्या ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन करून साच्यावर पातळ, पक्का थर बनवतं. म्हणूनच एकदा मारल्यावर बरेच जॉब निघतात. पण झाकण नीट बसलं नाही की तोच ओलावा डब्यात शिरतो आणि जी रिअ‍ॅक्शन साच्यावर व्हायची ती डब्यातच उरकते. तळाचा पांढरा गाळ म्हणजे तेच. आपण साच्यावर उरलासुरला सॉल्व्हंट पुसत बसतो.

सिव्हिलच्या मित्रांना हे लगेच कळेल. पावसाळ्यात उघडी राहिलेली सिमेंटची गोणी दगड होते, आणि तीन महिन्यांहून जास्त पडून राहिलेलं सिमेंट टेस्ट केल्याशिवाय वापरू नये असं त्यांना शिकवतात. आमच्या डब्याचीही तीच तऱ्हा, फक्त हा बाहेरून दगड झालेला दिसत नाही.

सगळे रिलीज एजंट सारखे नसतात हेही सांगायला हवं. कार्नोबा वॅक्सची पेस्ट बरीच सोशिक. तिच्यातला सॉल्व्हंट उडाला की ती आक्रसते, कडेने सुटते, भेगा पडतात, मग ती सारखी पसरत नाही आणि घासून चमकही येत नाही. झाकण घट्ट असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. पीव्हीए हे पाणी आणि अल्कोहोलमधलं द्रावण. अल्कोहोल उडालं की ते घट्ट होतं आणि मारलेली फिल्म वेळेत सुकत नाही. त्यात आपला जुलै! ओलसर फिल्मवर जेलकोट मारला की तो नीट क्युअर होत नाही. पाण्यातले इमल्शन गोठले किंवा फार तापले तर फुटतात, आणि एकदा फुटलेलं इमल्शन हलवून पूर्ववत होत नाही.

डब्यावरची मुदत बहुतेक वेळा उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, आपण दुकानातून आणल्यापासून नाही. शिवाय तिला अटी असतात : डबा न उघडलेला, मूळ पॅकिंगमधला, सांगितलेल्या तापमानात ठेवलेला. झाकण उघडलं की ती मुदत आपल्या कामाची राहिली नाही. आणि आपण ठेवतो कुठे? पत्र्याच्या शेडमधल्या सगळ्यात वरच्या फळीवर. तापमान दहा डिग्रीने वाढलं की रिअ‍ॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो हा केमिस्ट्रीतला ढोबळ नियम. म्हणजे २५ डिग्रीचा डबा ४५ डिग्रीत ठेवला तर चौपट. हिशोब ढोबळ आहे, पण वर्षभराच्या मालाचं मे महिन्यात काय होत असेल ते यावरून कळतं.

यावर एक सिनियर म्हणाला, "कंपन्यांना माल खपवायचा असतो रे, म्हणून तारखा टाकतात." हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. तारीख उलटली त्या रात्री बारा वाजता माल मरत नाही, आणि घट्ट झाकणाचा वॅक्सचा डबा तारखेनंतरही चांगला निघू शकतो. पण याचा अर्थ तारीख उलटलेला माल टेस्ट करून वापरा, असा होतो. डोळे मिटून वापरा, असा होत नाही. आणि ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन करणाऱ्या मालात गाळ किंवा गढूळपणा दिसला, की टेस्टही नको. सरळ बाद.

आता स्टाफबद्दलची तक्रार. दोष फक्त आम्हा मुलांचा आहे असं मला वाटत नाही. कन्झ्युमेबल रजिस्टरमध्ये रकाने आहेत : आलेला माल, दिलेला माल, शिल्लक. 'उघडल्याची तारीख' असा रकानाच नाही. ऑडिटला डबे मोजतात, डब्यात काय उरलंय हे कोणी विचारत नाही. खराब माल काढून टाकायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव, सह्या, कमिटी. त्यापेक्षा डबा फळीवर राहू द्यावा हेच सोयीचं. स्टोअरचे काका एकदा म्हणाले, "बाळा, टाकला तर मला जाब विचारतील, ठेवला तर कोणी विचारत नाही." काकांचं काय चुकलं? विमानाच्या कामातला प्रीप्रेग उणे १८ डिग्रीत ठेवतात आणि तो फ्रीजरबाहेर किती तास होता याची नोंद ठेवतात. आपल्याला तेवढं नको, पण एक तारीख तरी?

आणखी एक गोष्ट, ही जास्त गंभीर. मोठ्या डब्यातून थोडं काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरायची पद्धत आपल्याकडे आहे. आमच्या विंगमध्ये अशी एक बाटली टेबलावर होती. सेमी-परमनंट दिसायला अगदी पाण्यासारखं. रात्री अडीच वाजता पार्टनरने झाकण उघडून तोंडापर्यंत नेली होती, वासाने थांबला. त्या बाटलीवर ना नाव होतं ना तारीख. वर हा माल ज्वालाग्राही, आणि शेजारी इस्त्री आणि चोरून आणलेली कॉइल!

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. डबा उघडला की मार्करने तारीख आणि नाव, त्याच क्षणी. लागेल तेवढाच छोटा पॅक घ्यायचा, आणि दुकानदार मोठ्या ड्रममधून ओतून देत असेल तर बॅच नंबर आणि तारीख मागायची. ओतून घेतलेलं उरलं तर परत डब्यात टाकायचं नाही. कपाट तळमजल्यावर, थंड जागी, वेल्डिंग शॉपपासून लांब, आणि सिलिकॉनचे स्प्रे रंगाच्या सामानापासून वेगळे, नाहीतर रंगाला डोळे पडतात. रूमवर एक थेंबही आणायचा नाही. आणि स्टाफला विनंती : दर सेमिस्टरच्या शेवटी बाद मालाचं निर्लेखन एका सहीत होईल असं करा, आणि तो बेसिनमध्ये न ओतता रीतसर विल्हेवाटीला जाईल हे बघा. काकांना टाकण्याची भीती वाटता कामा नये.

आमचा नवा साचा तयार झालाय. शेजारच्या डब्यावर उघडल्याची तारीख आहे, खाली माझं नाव आहे. पुढच्या वर्षी मी इथे नसेन. ज्युनियर मित्रा, तो डबा अर्धा दिसला तर आधी टेप लावून बघ. आणि टेप चिकटली, तर 'चालेल' म्हणू नकोस.