चाकांवरची शेगडी: उघडायला सोपी, मिटायला सावकाश

पावसाळ्यात कोपऱ्यावर मक्याची कणसं भाजणाऱ्याची हातगाडी कधी नीट पाहिली आहे का? निखारे जमिनीवर नाहीत, कमरेच्या उंचीवर आहेत. वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा केलाय. डाव्या हाताला पंखा, उजव्या हाताला लिंबू आणि तिखट-मीठ. चाकाखाली दगड. भाजणारा तासन्‌तास उभा असतो, पण त्याला वाकावं लागत नाही आणि काही आणायला जागचं हलावंही लागत नाही.

आजकाल ऑनलाइन दुकानांत ‘फोल्डिंग बार्बेक्यू ट्रॉली’ नावाने जे मिळतं, ते म्हणजे हीच गाडी. फरक एवढाच, की तिचे पाय दुमडतात, बाजूच्या फळ्या खाली पडतात आणि सगळा संसार गाडीच्या डिकीत मावतो. थंडी सुरू झाली की इंदूर-बडोद्यापासून बेंगळुरूपर्यंत आपल्या घरांमध्ये गच्चीवर किंवा शेतावर एक तरी बेत ठरतोच. हॉटेलात दहा जणांचं बिल भरण्यापेक्षा ही गाडी घ्यावी, असा विचार तुमच्याही घरात चालला असेल तर हा लेख तुमच्यासाठी.

मोटार आणि कोळशाची शेगडी यांची दोस्ती तशी जुनी आहे. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने 1920 च्या दशकात मोटारींचे लाकडी भाग करताना उरलेल्या लाकडापासून कोळशाच्या विटा बनवायला सुरुवात केली. पुढच्या दशकात फोर्डच्या मोटारी विकणाऱ्या दुकानांतच कोळसा आणि सहलीसाठी छोटी शेगडीही मिळू लागली. मोटार घ्या, शहराबाहेर जा, तिथे भाजून खा! विकणाऱ्याची दृष्टी बघा.

विकणारा आजही हुशार आहे. जाहिरातीतला माणूस एका झटक्यात गाडी उघडतो, जाळी ठेवतो, पुढच्या क्षणी कबाब तयार. ती मिटताना मात्र कुणी दाखवत नाही. खरी परीक्षा तर तिथेच आहे. जेवण आटोपलेलं असतं, अंधार पडलेला असतो, मुलं पेंगुळलेली असतात आणि ट्रेमध्ये राखेखाली निखारे धगधगत असतात. घडी होते म्हणून ती लगेच घालावीशी वाटते. या गाडीचे बहुतेक अपघात याच घाईत दडलेले आहेत.

आधी खरेदीचं बोलू. दुकानात गाडी पूर्ण उघडायला लावा आणि एका कोपऱ्यावर तळहाताने जोर द्या. ती डुगडुगली किंवा पाय आत सरकला तर तिथेच सोडून द्या, कितीही सवलत असो. दुमडणाऱ्या प्रत्येक पायाला खटका हवा आणि तो बसल्याचा ‘टक्‌’ आवाज यायला हवा. नुसत्या घर्षणावर उभे राहणारे पाय निखाऱ्यांच्या खाली नकोत. चाकं दोनच असतील आणि दुसऱ्या बाजूला साधे पाय असतील तर उत्तम, कारण अशी गाडी आपोआप घरंगळत नाही. चारही बाजूंना चाकं असतील तर किमान दोघांना ब्रेक हवा. जाळीची उंची साधारण आपल्या ओट्याएवढी, म्हणजे 80 ते 85 सेंटीमीटर असावी. फार बुटकी शेगडी मुलांच्या तोंडाशी येते आणि मोठ्यांची कंबर धरते.

ट्रेचा पत्रा बोटाने दाबून पाहा. कागदासारखा पातळ पत्रा दोन-तीनदा तापला की वाकतो, मग घडी नीट बसत नाही. तळाशी हवेसाठी झडप आणि राख पडायला वेगळा ट्रे असला पाहिजे. झाकण असलेली गाडी थोडी महाग पडते, पण शक्य असेल तर तीच घ्या. झाकण स्वयंपाकासाठी उपयोगी आहेच, त्याहून जास्त उपयोगी आग विझवताना. जाळी स्टीलची हवी. जस्ताचा मुलामा दिलेली, कुंपणाची वगैरे जाळी कापून वापरायचा उद्योग करू नका. तापल्यावर त्या मुलाम्याचा धूर आणि अन्न एकत्र नकोच.

कोळसा लाकडाचा घ्यायचा, दगडी नाही. दगडी कोळशाला गंधकाचा उग्र वास असतो आणि तो सगळ्या अन्नाला लागतो. पाच-सहा जणांच्या खाण्याला दीड-दोन किलो पुरतो. पेटवताना घासलेट, पेट्रोल किंवा सॅनिटायझर ओतणारे वीर प्रत्येक कुटुंबात एखादे असतात. त्यांच्या हातात त्या वेळी कांदे सोलायला द्या. अर्धवट पेटलेल्या कोळशावर असं काही ओतलं की ज्वाळा धारेबरोबर बाटलीपर्यंत चढते. कापसाची तेलात बुडवलेली वात किंवा कागदाचे बोळे खाली, वर कोळशाचा ढीग, आणि पंखा. बस्स. वीस-तीस मिनिटं लागतात. कोळसा वरून राखाडी दिसू लागला की तो तयार झाला. त्याआधी जाळीवर ठेवलेलं अन्न फक्त काळं होतं, शिजत नाही.

निखारे सगळ्या ट्रेभर पसरू नका. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, असं ठेवा. चटका द्यायचा तो इकडे, आत शिजवायचं ते तिकडे. घरात शाकाहारी मंडळी असतील तर त्यांची जाळी आणि चिमटा स्वतंत्र आणि त्यांचं भाजणं आधी. हे न सांगता केलंत तर आत्याबाई मनापासून जेवतील. पनीर, ढोबळी मिरची, मशरूम, अननसाच्या चकत्या, कणसं, भरताचं वांगं, सगळं छान होतं. लाकडी काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवा.

आपलं सगळंच या गाडीवर होतं असं मात्र नाही. अलिबागकडची पोपटी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं ठेवून, भोवती जाळ करून होते. हुरडा गोवऱ्यांच्या आरात भाजतात. त्यांना जमीनच लागते. गाडीवर पोपटी करायचा प्रयत्न म्हणजे गाडीही गेली आणि पोपटीही.

चिकन-मटण नेणार असाल तर दही-मसाला लावून ते बर्फाच्या पेटीत न्या. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा आहे, आणि डिकीतला डबा दुपारी त्याच पट्ट्यात असतो. चिकन आतून 74 अंशांपर्यंत तापलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा हाडापाशी कापून पाहा, आत गुलाबी असेल तर परत जाळीवर. कच्चं ज्या ताटात होतं, त्यात शिजलेलं काढू नका. अंधारात ही चूक फार सहज होते, म्हणून ताटांचे रंगच वेगळे ठेवावेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. गाडी हलकी आहे, चाकांची आहे, ओढत कुठेही नेता येते. पाऊस आला, वारा सुटला, थंडी वाढली की कुणीतरी म्हणतं, “अरे, आत घ्या ना!” आत म्हणजे तंबूत, काचा लावलेल्या बाल्कनीत, गॅरेजमध्ये किंवा गेस्टहाउसच्या खोलीत ऊब म्हणून. इथे थांबा. जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड वायू सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका संपला असं नाही. उलट छान पेटलेला, अजिबात धूर न करणारा निखाराही हा वायू सोडत असतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला 200 पटींहून जास्त ओढीने धरतं. श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोहोचत नाही. उत्तर भारतात खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशी बातमी दर हिवाळ्यात वाचायला मिळते.

फसवं असं, की सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, गुंगी येते. प्रवासाचा शीण, ॲसिडिटी, जास्त जेवण झालं, असं म्हणून माणूस आडवा होतो. तेच घातक. एकाच जागी बसलेल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं तर गोळी शोधू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि 112 वर फोन करा. खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल का, असं विचारतात. नाही चालणार. कोळशाची शेगडी छप्पर आणि भिंती असलेल्या जागेत न्यायचीच नाही, ती पेटती असो वा विझत आलेली.

विझत आलेली गाडी मिटून बंद मोटारीत ठेवली, काचा वर केल्या आणि दोन तास घाटातून प्रवास केला, तर तिथेही तोच वायू. शिवाय डिकीत सतरंज्या, थर्माकोलचा डबा, मुलांचे स्वेटर. राख ही निखाऱ्याची गोधडी आहे. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेखाली निखारा कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो.

म्हणून विझवण्याचा वेळ बेतातच धरा. झाकणाची गाडी असेल तर झाकण लावा, खालची झडप बंद करा. हवा तुटली की आग गुदमरते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. झाकण नसेल आणि निघायची वेळ झाली असेल, तर पत्र्याच्या बादलीत पाणी घ्या आणि लांब चिमट्याने एकेक निखारा त्यात टाका. भरल्या ट्रेवर तांब्याभर पाणी ओतू नका. गरम वाफ आणि राख तोंडावर उडते, पत्राही तडकन वाकतो. मग राख सळईने ढवळा, हाताची मागची बाजू वर धरून पाहा. ऊब लागली तर अजून थांबा. ट्रे पूर्ण गार झाल्याशिवाय खटक्यांना हात लावायचा नाही, हा नियम घरात आधीच जाहीर करून टाका.

समुद्रकिनाऱ्यावर निखारे वाळूत पुरून येणारे लोक स्वतःला फार जबाबदार समजतात. वाळूखाली निखारा विझत नाही, फक्त दिसेनासा होतो. थोड्या वेळाने तिथून अनवाणी धावत जाणारं मूल कुणाचं तरी असतं. भाजलंच, तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, यातलं काही नको.

जागेचंही पाहायला हवं. राखीव जंगलात आग पेटवणं 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत एका ठिणगीची वाट पाहत असतं. गच्चीवर बेत असेल तर सोसायटीला आधी विचारा, पाण्याच्या प्लॅस्टिक टाक्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब उभे राहा. रेल्वेने जाणार असाल तर गॅसचा डबा किंवा पेटवायचं तेल सोबत घेऊच नका. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 मध्ये अशा वस्तूंसाठी 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मदुराईत यात्रेकरूंच्या डब्याला बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि 9 जणांचा जीव गेला. कोळसा पोहोचल्यावर तिथल्या बाजारात घ्या.

कपडे सुती घाला, ओढणी-पदर खोचून घ्या, मुलांसाठी गाडीभोवती खडूने एक मोठं वर्तुळ आखा. मुलांना वर्तुळ आवडतं, आत कोण गेलं याची चहाडीही ती आनंदाने करतात. आणि चिमटा फिरता ठेवा. घरी जिचा ओटा तिचीच सहलीत शेगडी, असं झालं तर ती सहल तिच्यासाठी कसली? अर्ध्या तासाने हात बदलला की भाजणारं प्रत्येक जण गरम खाऊ शकतं.

गाडी घरी आली की राख झटकून, ओल्या फडक्याने पुसून, बिजागऱ्यांना खोबरेल किंवा मशीनच्या तेलाचा थेंब द्या. राखेत ओल शिरली की पत्रा पहिल्याच पावसाळ्यात गंजतो.

राहता राहिला निखारे गार होईपर्यंतचा वेळ. जेवण झालं की झडप बंद करण्याआधी मंद आरावर जाळीवर रताळी ठेवून द्या, ती व्हायला पाऊण तास सहज लागतो. तेवढ्यात गाण्याच्या भेंड्या होतात, भांडी आवरून होतात. साल काळी पडली आणि सुरी लोण्यासारखी आत गेली की तयार. सोलून वर थोडं तूप आणि मीठ. रताळी ठेवताना मोजून ठेवा, नाहीतर अंधारात एखादं हमखास जाळीवरून राखेत पडतं आणि दुसऱ्या दिवशी ट्रे धुताना सापडतं.