दावणीची मंडळी



खते, बियाणे, फवारणी यांविषयी आपण या सदरात नेहमीच बोलतो. आज घरच्या जनावरांविषयी बोलू. एकाच जातीची जनावरे वाढवावीत की थोडी थोडी निरनिराळी ठेवावीत, असे पुष्कळजण विचारतात. जमीन थोडी आणि पाणी बेभरवशाचे असेल, तर मी दुसरा मार्ग सुचवतो. त्याचे कारण कॉलेजात शिकण्याआधी मी घरातच पाहिले होते.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात गेले. पाऊस बेताचा, जमीन माळाची. दावणीला हरण्या आणि पाखऱ्या ही खिल्लार बैलांची जोडी. शेजारी पंढरपुरी म्हैस. तिची शिंगे एवढी लांब की गोठ्याच्या दारातून येताना तिला मान वाकडी करावी लागे. परसात तीन-चार शेळ्या, खुराड्यात दहा-बारा गावरान कोंबड्या, खळ्यावर मोत्या कुत्रा आणि कणगीपाशी मनी मांजर.

प्रत्येकाचे काम ठरलेले होते. बैल औताला आणि गाडीला. म्हशीचे दूध घरात पुरून उरले तर डेअरीला. मनीमुळे ज्वारीला उंदीर लागत नसत. मोत्या रात्री भुंकला की वडील कंदील घेऊन उठत. अंड्यांच्या पैशांतून मीठमिरची आणि आमच्या वह्या येत. शेळ्या बोरी-बाभळीच्या पाल्यावर आणि शेंगांवर पोट भरत. त्यांच्यासाठी वैरण विकत घ्यावी लागत नसे.

मालकीही ठरलेली होती. बैल वडिलांचे; शेळ्या-कोंबड्या आईच्या. आईला विचारल्याशिवाय वडील शेळीच्या दाव्याला हात लावत नसत.

मी शाळेत असताना एक वर्ष फार कोरडे गेले. पौषातच कडब्याची गंज संपत आली. एक बैल विकावा, असे वडिलांच्या मनात होते. त्या रात्री आई म्हणाली, "जोडी मोडली तर मृगाला पेरायचं कशानं? माझ्या दोन शेळ्या न्या." त्यात चांदी होती. तिच्या कपाळावर पांढरा टिळा होता, आणि धाकट्या बहिणीने तिला करडू असल्यापासून वाढवले होते. बहीण दोन दिवस जेवली नाही. वडिलांनी म्हसवडच्या बाजारात शेळ्या विकल्या आणि त्या पैशांचा कडबा आणला. जोडी राहिली, पेरणी वेळेवर झाली. उरलेली शेळी पुढे व्याली, तिला जुळी करडे झाली. त्यांतली पाट आईने बहिणीच्या हवाली केली.

भगिनींनो, शेळी पाच महिन्यांत विते, कोंबडीच्या अंड्यातून 21 दिवसांत पिल्लू येते. म्हशीला दहा महिने लागतात आणि बैल तयार व्हायला तीन-चार वर्षे. म्हणून अडचणीत आधी लहान जनावर विकता येते. मोठे एकदा गेले की लवकर परत उभे राहत नाही.

रोगाचेही तसेच आहे. 2022 साली लम्पी आला, तेव्हा गाई-बैलांवर मोठे संकट ओढवले. म्हशींत तो क्वचितच दिसला, शेळ्यांना तो होत नाही. उलट पीपीआर शेळ्या-मेंढ्यांना गाठतो आणि मानमोडी कोंबड्यांना. निरनिराळी जनावरे असली की एका रोगाने सारी दावण रिकामी होत नाही.

मात्र जितकी जनावरे, तितक्या काळज्या. पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या यांची लस द्या, शेळ्यांना आंत्रविषाराची. लाळ्या-खुरकूत, पीपीआर आणि मानमोडीच्या लसी कधी टोचायच्या, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आजारी जनावराला लस टोचू नका, त्याला आधी वेगळे बांधा. कुत्र्याला दरवर्षी पिसाळीची लस द्यायला विसरू नका. मुले त्याच्याशीच खेळतात. नवीन आणलेले जनावर दोन-तीन आठवडे दावणीपासून लांब ठेवा. आणि घरात वैरण किती आहे, ते मोजल्याशिवाय जनावरांची संख्या वाढवू नका.

आता नांगरट बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने होते, त्यामुळे बैल ठेवायचे की नाही हे ज्याने त्याने आपल्या शेताकडे पाहून ठरवावे. पण दोन शेळ्या आणि चार कोंबड्या बहुतेक घरांना झेपतात. त्यांचा पैसा घरातल्या बाईच्या हाती राहू द्या. येत्या रविवारी मुलांना घेऊन बसा, एका वहीत प्रत्येक जनावराला एक पान द्या आणि त्यावर व्यायल्याची व लस दिल्याची तारीख लिहा. जनावरांना नावे द्यायचे काम मुलांवर सोडा.