हिरड्या आणि साखर

माझा मधुमेह पंधरा वर्षांचा. गोळ्या चुकवत नाही, तरी गेल्या वर्षी तीन महिन्यांची साखर ८.९ वर गेली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. हिरड्या सुजल्या होत्या, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही तोंडात डोकावलं नाही. चावता येईना म्हणून भाकरी-काकडी सुटली, चहात बुडवलेली बिस्किटं सुरू झाली.

शेवटी इथेच डोंबिवलीत दाताच्या डॉक्टरकडे गेलो. तिचा पहिला प्रश्न, "आजोबा, साखर किती असते?" साखरेने हिरड्या बिघडतात आणि सुजलेल्या हिरड्या साखर उतरू देत नाहीत, हे या वयात कळलं! हिरड्या साफ झाल्या, भाकरी परत आली, साखर ७.६ झाली. श्रेय कोणाला किती, कोण सांगणार?

चरकसंहितेतही दिवसातून दोनदा, हिरड्यांना इजा न करता दात घासायला सांगितलंय. शाळेत मी मुलांची नखं तपासायचो, दात कधीच नाही.

'संपूर्ण शरीराचा विचार' म्हणजे गोळ्या सोडून काढे पिणं, असं आमच्या कट्ट्यावर काहींना वाटतं. मला ते पटत नाही. गोळी चालू ठेवावी. पण ताटात काय पडतं आणि तोंडात काय दुखतं, तेही डॉक्टरांना सांगावं. न विचारता.

असो. तुम्ही शेवटचे दात कधी दाखवलेत?